घडी उलते, तारा वाकतो, वही तोंड वासते: नाताळच्या कागदकामाचा नेमका क्रम

डिसेंबर लागला की आमच्या ओसरीवर नाताळच्या कामाला पोरंसोरं आणि बाया जमतात. सामान सगळ्यांकडे बरं असतं, हातही चांगले असतात. तरी तीच तीन दुखणी दर वर्षी येतात: कार्डाची घडी उलते, कंदिलाचा तारा एका अंगाला वाकतो आणि फोटो लावलेली वही मिटतच नाही. मला यांचं मूळ एकच दिसतं. कागद किंवा काडी कशी वळते हे न बघता आपण आधी कापतो आणि बिघडलं की डिंकाने सावरायला जातो. डिंक लावला की चूक पक्की होते.

म्हणून सगळ्या कामांना क्रम एकच ठेवा: कल (कागदाच्या तंतूंची दिशा) बघा, मोजा, रेघ दाबा, घडी घाला, कापा, डिंकाशिवाय जुळवून बघा, मग डिंक लावा आणि वजनाखाली ठेवा.

टप्पा १: सामान आणि खळ

कागद तीन जाडीचे लागतात. कार्डाच्या बाहेरच्या अंगाला आणि वहीच्या पानांना २२० ते २५० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डशीट, कार्ड उघडताच उभ्या राहणाऱ्या आतल्या उठावाला १२० ते १५० जीएसएमचा ड्रॉइंगचा कागद, कंदिलाला पतंगी कागद. झेरॉक्सचा कागद साधारण ७५ जीएसएमचा असतो. तो नमुना कापायला ठीक, उठावाला नाही. दोनदा उघडमीट केली की लोळतो. तालुक्याच्या दुकानात जीएसएम विचारूनच घ्या. "जाड द्या" म्हटलं तर जे पुढे असेल ते मिळतं.

बाकी स्टीलची पट्टी, कटर, कात्री, रिफिल संपलेला बॉलपेन, दाभण, पंच, जाड दोरा, आणि दाबायला वरवंटा किंवा वीट. वीट वर्तमानपत्रात गुंडाळून घ्या, नाहीतर कार्डावर लाल भुकटी उतरते. बॉलपेन सगळ्यात महत्त्वाचा. रेघ दाबायला त्याच्याइतकं सोपं हत्यार घरात दुसरं नाही.

डिंक दोन प्रकारचे ठेवा. कार्डाला आणि वहीला फेव्हिकॉल, पतंगी कागदाला मैद्याची खळ. दोन चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवा, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढुरकेपणा जाऊन खळ चकाकायला लागली की उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. खळीत पतंगी कागद जरा सरकवून बसवता येतो; फेव्हिकॉलमध्ये जिथे टेकला तिथेच धरतो आणि ओढला की फाटतो.

सावधान: खळ टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालायची जुनी रीत आहे. मोरचूद विषारी असतो. मुलं काम करत असतील तर घालू नका, रोज ताजी खळ करा. आणि खळ वहीत वापरू नका. मैद्याला कसर आणि झुरळं लागतात.

आपल्याकडे डिसेंबरात दुपारी हवा कोरडी असते, रात्री दव पडतं. चिकटवायचं काम सकाळी दहा ते चारच्या दरम्यान उरका. रात्री लावलेलं सकाळपर्यंत ओलसरच राहतं आणि कागद लाटा धरतो.

टप्पा २: कागदाचा कल

हा टप्पा लोक गाळतात आणि सगळं इथेच बिघडतं. कारखान्यात कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेने लोळतात. छपाईवाले याला ग्रेन म्हणतात. मुलांना मी कागदाचा कल म्हणून सांगते. कलाच्या दिशेने घातलेली घडी सरळ आणि गुळगुळीत बसते. आडवी घातली तर तंतू मोडतात आणि घडीच्या पाठीवर पांढरी भेग दिसते. गेल्या साली शेजारचा सातवीतला पोरगा गडद लाल कार्डशीट घेऊन आला, हौसेने घडी घातली आणि लगेच म्हणाला, "काकू, हे तं उललं." खरंच उन्हाळ्यातल्या काळ्या जमिनीसारखी बारीक भेग वरपासून खालपर्यंत गेली होती. त्याच कागदाचा उरलेला तुकडा दुसऱ्या दिशेने वळवून दाखवला, तर भेग नाही.

कल ओळखायच्या दोन रीती:

१. कागद आधी लांबीच्या, मग रुंदीच्या बाजूने हलकेच वाकवा, घडी मोडू नका. ज्या बाजूने कमी जोर लागतो त्या वाकाची रेघ म्हणजे कल.

२. शंका असेल तर कोपऱ्यातला दोन बोटं रुंदीचा चौकोनी तुकडा कापा, त्यावर आधी मूळ कागदाची उभी दिशा बाणाने लिहा, मग एकाच अंगाला पाण्याचं बोट फिरवा. तुकडा नळीसारखा वळतो. नळी ज्या दिशेने लांब दिसते तो कल.

कळला की प्रत्येक मोठ्या कागदाच्या मागे पेन्सिलने बाण काढून ठेवा. कापल्यावर तुकडे मिसळतात.

हाच कल डिंकातही नडतो. ओला कागद कलाला आडवा जास्त फुगतो. दोन कागद एकमेकांवर चिकटवताना दोघांचे बाण एकाच दिशेला नसतील तर वाळल्यावर पुठ्ठा वाकडा होतो, मग वर पाटा ठेवला तरी सरळ होत नाही.

तपासा: कार्डाची घडी आणि वहीची बांधणीची कड, दोन्ही बाणाला समांतर आहेत ना?

टप्पा ३: उघडताच उभी राहणारी गव्हाणी

बाहेरच्या अंगाला ए४ आकाराची कार्डशीट अर्धी दुमडायची. ए४ म्हणजे २१ × २९.७ सेंमी, दुमडल्यावर ए५. आतला कागद २० × २८.७ सेंमी, म्हणजे चहूबाजूंनी अर्धा सेंमी कमी. दोन्ही सारखे कापले तर आतला कागद कडेने डोकावतो.

१. दोन्ही कागदांच्या मध्यावर पट्टी धरून रिकाम्या पेनने दोनदा रेघ दाबा. एका अंगाला खोबण पडते, दुसऱ्या अंगाला बारीक उंचवटा येतो. घडी घालताना उंचवटा आत आणि खोबण बाहेर राहिली पाहिजे. बहुतेक जण उलट करतात, कारण खोबण दिसते तिकडेच हात वळतो.

२. आतला कागद दुमडलेला ठेवून मधोमध एकमेकींपासून ६ सेंमी अंतरावर दोन चिरा आखा. दोन्ही घडीपासून सुरू होऊन ४ सेंमी आत जातात. अजून कापू नका. चिरांची टोकं जोडणारी रेघ दोन्ही पदरांवर दाबून घ्या.

३. आता दोन्ही पदर एकत्र धरून चिरा कापा. मधली पट्टी दाबलेल्या रेघेवर एकदा पुढे, एकदा मागे दुमडा. कागद काटकोनात उघडा आणि पट्टी मागून आत ढकला. पायरी तयार होते. ती आत ठेवूनच कागद मिटा आणि नखाने नव्हे, चमच्याच्या पाठीने दाबा.

४. पायरीच्या समोरच्या उभ्या अंगाला गव्हाणी, बाळ येशू, मरिया आणि योसेफ यांचं एकत्र कापलेलं चित्र लावायचं. त्याची उंची डोळ्याने ठरवू नका. हिशेब असा: पायरीची खोली आणि चित्राची उंची मिळून १४ सेंमीच्या आत. पायरी ४ सेंमीची, म्हणून चित्र १० सेंमीपर्यंत. याहून उंच केलं तर कार्ड मिटल्यावर योसेफाचं डोकं बाहेर येतं. मुलं मग ते कापतात, मला ते बघवत नाही.

५. बाजूला मेंढरं हवी असतील तर ३ सेंमीच्या दोन छोट्या पायऱ्या करा. तिनांहून जास्त नकोत; चिरा जवळजवळ आल्या की मागचा कागद मोडतो.

६. बाहेरच्या कार्डाला आतला कागद असा लावा. आतला कागद मिटलेला ठेवून त्याच्या एका पाठीला कडेकडेने पातळ डिंक लावा. पायरीच्या मागे डिंकाचा थेंबही नको. घडीला घडी भिडवून बसवा. मग वरच्या पाठीला डिंक लावा आणि बाहेरचं कार्ड त्यावर मिटा. कार्ड सपाट उघडं ठेवून चिकटवलं तर ते मिटताना आतला कागद चुरगळतो. मिटलेल्या अवस्थेत चिकटवलं की जितकी जागा लागते तितकी तो आपोआप घेतो.

तासभर वजनाखाली ठेवा. मध्ये उघडून बघायचा मोह आवरा.

गव्हाणीत गवत म्हणून कुटाराच्या, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाच्या, दोन-चार बारीक काड्या छान दिसतात. कापसाचा बर्फ करायचा असेल तर सरकी पूर्ण काढलेला कापूसच घ्या. वेचणीचा कापूस मुलं थेट शेतातून आणतात. त्यातली सरकी दाबली गेली की तेलाचा पिवळट डाग कार्डाच्या पलीकडे उमटतो आणि तो निघत नाही. कापूस जाळीसारखा पातळ पसरा. बोळा लावला तर कार्ड मिटत नाही.

घडी उललीच असेल तर कार्ड टाकू नका. पाठीवर २ सेंमी रुंदीची रंगीत कागदाची पट्टी लावा, पुस्तकाच्या पाठीसारखी. चांगली दिसते.

टपालाने पाठवणार असाल तर वजन लक्षात घ्या. ए४ कागद म्हणजे एका चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणजे २५० जीएसएमची एक शीटच साडेपंधरा ग्रॅमची. आतला कागद, चित्र आणि पाकीट धरून वजन २० ग्रॅमच्या वर जातं. पोस्टात वजन करूनच तिकीट लावा, आणि गावाकडून पाठवायचं तर १५ डिसेंबरच्या आत टाका.

टप्पा ४: ताऱ्याचा सांगाडा

बांबूच्या कामट्या सर्वांत चांगल्या, कारण त्या वाकतात. बुरडाकडून एकाच जाडीच्या चिरून घ्या. नसतील तर तुराट्या चालतात: गेल्या हंगामातल्या, खडखडीत वाळलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक. यंदाची तूर डिसेंबरात अजून शेतात उभी असते, आणि ओली तुराटी वाळताना वाकते. पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या झाडाची काडी, घेऊ नका. फांद्यांच्या गाठींमुळे सरळ काडी मिळत नाही.

१. ६० सेंमीच्या १० काड्या कापा. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंमीवर खूण करा. पाच टोकांच्या ताऱ्यात काड्या एकमेकींना याच जागी छेदतात. मधला तुकडा १४ सेंमीचा उरतो. ही खूण न करता अंदाजाने बांधला की एक हात लांब, एक आखूड, आणि टांगल्यावर तारा वाकतो. वाकड्या ताऱ्याचं कारण दरवेळी इथेच सापडतं.

२. पाच काड्या जमिनीवर, हात न उचलता चांदणी काढतो तशा मांडा. एक वरून, एक खालून अशा गुंफा. टोकं सैल बांधा, मग छेद खुणांवर सरकवा, मग पाचही छेद बांधा आणि शेवटी टोकं आवळा. टोकं आधी आवळली तर छेद खुणेवर येतच नाहीत.

३. दुसरा तारा पहिल्यावर ठेवूनच बांधा, म्हणजे दोन्ही जुळे होतात.

४. दोन्ही ताऱ्यांची पाचही टोकं एकत्र बांधा. आता मधल्या पाच छेदांच्या जागी दोन्ही ताऱ्यांमध्ये १० सेंमीच्या पाच आडकाड्या बसवा. तारा फुगतो. आधी समोरासमोरच्या दोन, मग बाकीच्या; एकीकडून सलग गेलात तर तो पिळवटतो. तुराट्यांना ८ सेंमीच पुरे. जास्त ताण दिला की टोकाजवळ कटकन मोडतात.

खिळा किंवा टाचणी कुठेच ठोकू नका, काडी उभी चिरते.

तपासा: तारा एका टोकाला दोरी बांधून टांगा आणि हलकेच फिरवा. खालची दोन टोकं एका पातळीत थांबली तर पुढे जा. नसतील तर आत्ताच सोडून बांधा. कागद लावल्यावर काही करता येत नाही.

टप्पा ५: दिवा आधी, कागद नंतर

होल्डर आणि वायर कागद लावायच्या आधी बसवा. दर वर्षी कुणीतरी तारा पूर्ण मढवून आणतं आणि मग बल्ब घालायला जागा शोधतं. होल्डर वरच्या आडकाडीला बांधा. ताऱ्याचं वजन दोरीवर आलं पाहिजे, वायरवर नाही. ३ ते ५ वॅटचा एलईडी बल्ब भरपूर उजेड देतो. जुना पिवळा बल्ब, पणती किंवा मेणबत्ती आत ठेवू नका. पतंगी कागद क्षणात पेटतो. दिवा लावून, कागद येईल तिथे बल्ब कुठेच टेकत नाही ना ते बघा.

मढवायला २२ तुकडे लागतात: प्रत्येक तोंडाला एक पंचकोन आणि पाच त्रिकोण, आणि कडांचे दहा अरुंद त्रिकोण. एकाच मोठ्या कागदाने तोंड झाकायचा प्रयत्न करू नका. हात मागे कललेले असतात, कागदाला सुरकुत्या पडणारच. सांगाडा वर्तमानपत्रावर ठेवून प्रत्येक खण वेगळा आखा, त्याला नंबर द्या आणि सगळीकडून १ सेंमी जास्त धरून कापा. हाताने बांधलेल्या ताऱ्याचे दोन खण तंतोतंत सारखे नसतात.

खळ काडीला लावा, कागदाला नको. आधी कडांचे त्रिकोण, मग समोरचे, शेवटी पंचकोन. खालच्या खोबणीतला कडेचा एक त्रिकोण लावूच नका: तिथून बल्ब बदलता येतो आणि आतली गरम हवाही कोंडत नाही.

तारा पत्र्याखाली किंवा ओसरीच्या आत टांगा. उघड्यावर एका रात्रीच्या दवाने पतंगी कागदाचा रंग खाली ओघळतो आणि पांढऱ्या भिंतीवर गुलाबी रेघा येतात.

टप्पा ६: फोटो लावूनही मिटणारी वही

साध्या वहीत फोटो चिकटवले की पानं फुगतात आणि बांधणी मात्र तेवढीच राहते, म्हणून ती तोंड वासते. उपाय म्हणजे बांधणीची बाजू आधीच जाड करून ठेवायची.

१. पान २३.५ × २० सेंमीचं कापा, २० सेंमीची कड कलाला समांतर. हे माप मी मुद्दाम धरलं आहे. ५६ × ७१ सेंमीच्या कार्डशीटमधून २४ सेंमीची पानं कापली तर एका दिशेने सहा आणि दुसऱ्या दिशेने चारच बसतात; मग दोन पानांच्या लोभाने लोक कल सोडून कापतात. २३.५ धरलं की दोन्हीकडून सहाच येतात.

२. बांधणीच्या बाजूने २ सेंमीवर रेघ दाबून पट्टी मागे दुमडा. तिथे पान दुहेरी झालं. तेवढीच जागा फोटोंना मिळते. आणखी अर्धा सेंमी सोडून दुसरी रेघ दाबा, पान तिथून उलटेल.

३. एका पानाला भोकं पाडून तेच सगळ्यांना नमुना धरा: कडेपासून १ सेंमी, वरून आणि खालून ५ सेंमी.

४. मुखपृष्ठाचा पुठ्ठा अखंड ठेवू नका. बांधणीकडची २ सेंमीची पट्टी वेगळी कापा आणि तिच्या व मोठ्या तुकड्याच्या मध्ये ५ मिमी फट ठेवून दोन्ही कापडावर चिकटवा. जुन्या सुती साडीचा काठ यासाठी फार सुंदर. फट नसेल तर पुठ्ठा उघडतच नाही.

५. लेस ओवून सैल गाठ मारा. घट्ट आवळलेली वही अर्धीच उघडते.

सहा पानांची वही एका नाताळाला पुरते. जास्त केली की अर्धी कोरी राहते, असं मी कितीदा पाहिलं आहे.

टप्पा ७: पानावर काय लावायचं आणि काय नाही

जुना, एकुलता एक फोटो चिकटवू नका. आजीच्या लग्नाचा, चर्चच्या पायऱ्यांवरचा फोटो असेल तर मोबाइलने दिवसाच्या उजेडात, सावली न पाडता त्याचा फोटो काढा आणि त्याची प्रत लावा. मूळ फोटो पाकिटात ठेवा. ४ × ६ इंचाची प्रत म्हणजे साधारण १० × १५ सेंमी. आपल्या पानावर एक फोटो आणि लिहायला जागा, एवढंच नीट बसतं. दोन लावले तर लिहायला जागा उरत नाही. वीस वर्षांनी त्या मुलांची नावं कोण सांगणार? म्हणून नाव, गाव, तारीख आधी पेन्सिलने लिहून मग फोटो लावा.

फोटोच्या पाठीला डिंक फासण्यापेक्षा चार कोपरे करा. २ × ४ सेंमीच्या पट्टीची दोन्ही टोकं मध्यावर खाली दुमडली की त्रिकोणी टोपी होते. ती फोटोच्या कोपऱ्याला घाला आणि डिंक टोपीच्या पाठीलाच लावा. फोटो कधीही काढता येतो.

इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या फोटोला ओला डिंक लागला की रंग पसरतो. त्याला तर कोपरेच. वर्तमानपत्राचं कात्रण काही वर्षांत पिवळं पडून शेजारच्या पानावरही डाग सोडतं, त्याची झेरॉक्स लावा. दुकानाचं चकचकीत बिल ठेवायचं असेल तर त्याचीही झेरॉक्सच, कारण मूळ छपाई उडून जाते. सेलोटेप कुठेच नको.

पानं-फुलं दोन आठवडे वर्तमानपत्रात दाबून, मधून कागद बदलून, कडकडीत वाळल्यावरच लावा. म्हणजे ती नाताळच्या दिवशी तोडून चालणार नाही, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच दाबायला ठेवावी लागतात. बोंडाची टरफलं वहीत नकोत. ती ताऱ्याच्या दोरीला बांधा.

तपासा: वही मिटून टेबलावर ठेवा. बांधणीची बाजू आणि मोकळी बाजू सारख्या उंचीच्या दिसल्या पाहिजेत. मोकळी बाजू उंच असेल तर लेस सोडून दोन-दोन पानांमध्ये २ सेंमी रुंदीची कार्डशीटची एकेक पट्टी ओवा. थोडं जास्तीचं काम आहे, पण वही वाचते.

वही लोखंडी पेटीत आडवी ठेवा, सोबत पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला. ओलसर पाला टाकला तर बुरशी येते. तारा ६ जानेवारीला, तीन राजांचा सण झाल्यावर उतरवा. कागद ओल्या फडक्याने भिजवून काढा, गाठी तशाच ठेवा, फक्त पाच आडकाड्या काढून त्या सुतळीने सांगाड्यालाच बांधा. चपटा झालेला सांगाडा आढ्याला अडकवला की उंदरांपासून वाचतो, आणि पुढच्या साली आडकाड्या बसवल्या की काम थेट पाचव्या टप्प्यापासून सुरू होतं.